होस्टेलच्या वाय-फायवर गेम का चालेना: एका 'ब्लॉक'चा तपास

तक्रार एका ओळीची होती: होस्टेलच्या वाय-फायवर गेमिंग ब्लॉक केलं आहे, ते सुरू करावं. खाली सह्यांचं पान. निवासी महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात असे अर्ज दर सत्रात येतात आणि 'धोरणानुसार बंद' असा शेरा घेऊन फायलीत जातात. हा गेला नाही, कारण त्याच आठवड्यात आणखी दोन कागद आले. तुमच्या होस्टेलच्या आयपी पत्त्यावरून आमच्या सर्व्हरवर लॉगिनचा मारा चालू आहे, असं बाहेरच्या एका कंपनीने कळवलं. आणि गेम डिझाइन शिकवणाऱ्या विभागाने विचारलं की ज्या गेम इंजिनवर (खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर) प्रात्यक्षिक घ्यायचं, त्याचीच साइट वर्गात उघडत नसेल तर शिकवायचं कसं? तिन्ही कागद एकाच फायरवॉलकडे, म्हणजे नेटवर्कची आत-बाहेरची वाहतूक तपासून अडवणाऱ्या यंत्राकडे, बोट दाखवत होते. मी तेव्हा नेटवर्क पाहणाऱ्या चमूत होतो. पुढचं बरंचसं लॉगमधून, म्हणजे यंत्रांच्या नोंदींतून, दिसलेलं आहे, उरलेलं मुलांशी बोलून कळलेलं.

स्क्रीनवर नक्की काय दिसतं?

'ब्लॉक आहे' एवढ्यावरून निदान होत नाही. म्हणून सह्या करणाऱ्यांपैकी काही जणांना बोलावलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं: कुठल्या पायरीवर अडतं आणि तेव्हा स्क्रीनवर काय येतं? उत्तरं एकमेकांशी जुळेनात. एकाच्या लॅपटॉपवर गेमचं ऑनलाइन दुकान उघडायला गेलं की ब्राउझर सर्टिफिकेटचा (साइटच्या डिजिटल ओळखपत्राचा) इशारा द्यायचा. दुसऱ्याचं लॉगिन व्हायचं, मित्रांची यादी दिसायची, मॅचसुद्धा मिळायची, पण नकाशा लोड होता होता सगळं थिजून 'कनेक्शन टाइम्ड आउट'. कन्सोलवाल्यांना वाय-फायलाच जोडता येत नव्हतं. आणि एकाच खोलीतल्या दोघींना एकमेकींचा लॅपटॉप नेटवर्कवर दिसत नव्हता, त्यामुळे ज्या खेळाला इंटरनेट लागतच नाही तोही बंद.

चार लक्षणं, चार कारणं.

सर्टिफिकेटचा इशारा हा वर्गवारीच्या फिल्टरचा परिणाम. एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक केलेली, जोडणी सुरू होताना ब्राउझर पहिल्याच संदेशात साइटचं नाव सांगतो आणि ते नाव सहसा उघडं असतं, त्याला एसएनआय म्हणतात. फायरवॉल ते वाचते, पुरवठादाराच्या यादीत शोधते, समोर 'गेम्स' लिहिलेलं असेल तर साइटऐवजी स्वतःचं 'प्रवेश नाही' पान पुढे करते. पण तिच्याकडे त्या साइटचं सर्टिफिकेट नसतं. ब्राउझरला ते पान खोटं वाटतं आणि तो धोक्याचा इशारा दाखवतो. कित्येक मुलांची समजूत अशी झाली होती की गेमची साइटच हॅक झाली आहे. गेम इंजिनची साइट आणि बुद्धिबळ मंडळाची स्पर्धा जिथे होते ती साइट, दोन्ही याच 'गेम्स' वर्गात पडल्या होत्या. 'गेम्स' वर्ग बंद करणाऱ्या चौकटीत टिचकी कोणी मारली हे शोधायला गेलो तर कोणीच नाही. फायरवॉल बसवताना पुरवठादाराने 'शैक्षणिक संस्था' नावाचा तयार साचा चढवला होता आणि त्यात ती आधीपासून होती. लेखी नियमावलीत 'अभ्यासाला बाधा येईल असा वापर करू नये' एवढंच वाक्य होतं, गेमचा उल्लेखसुद्धा नव्हता.

मॅच न लागण्याचं कारण निराळं. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला 'जे यादीत नाही ते बंद' हा नियम होता आणि यादीत होतं काय, तर टीसीपी ८० आणि ४४३ (वेबसाइटचे पोर्ट, म्हणजे वाहतुकीची क्रमांकित दारं), आमच्याच सर्व्हरपर्यंतचं डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि व्हिडिओ मीटिंगचे मोजके पोर्ट. लॉगिन आणि मित्रांची यादी ४४३ वरून येते, म्हणून ती दिसायची. मॅच मात्र बहुतेक वेळा यूडीपीवर, म्हणजे टीसीपीसारखी पोच न पाहता माहिती पाठवणाऱ्या पद्धतीवर, आणि वेगळ्याच पोर्टवर चालते: स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या बऱ्याच खेळांना यूडीपी २७००० ते २७१०० लागतात, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला टीसीपी २५५६५, बेडरॉकला यूडीपी १९१३२. म्हणजे या पातळीवर गेमवर कोणी बंदी घातलेली नव्हती. गेम यादीत नव्हता, इतकंच.

कन्सोलचं तर सरळ होतं. आमचं वाय-फाय प्रत्येकाच्या नाव-पासवर्डवर चालणारं, ८०२.१एक्स पद्धतीचं, आणि प्रचलित कन्सोलना ती पद्धत येत नाही. दोन लॅपटॉप एकमेकांना न दिसणं मात्र जाणूनबुजून ठेवलेलं होतं. सामायिक वाय-फायवर एका मशीनला लागलेलं मालवेअर शेजारच्या खोलीत जाऊ नये म्हणून क्लायंट आयसोलेशन चालू ठेवतात. ते मी आजही बंद करू देणार नाही.

मुलांनी काढलेल्या वाटा

तोवर मुलं काही हातावर हात ठेवून बसली नव्हती. पहिली वाट डीएनएस बदलण्याची. लॅपटॉपमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहिलं, पण पोर्ट ५३ वरची बाहेरची विचारणा आम्ही परत आमच्याच सर्व्हरकडे वळवत होतो, त्यामुळे फरक शून्य. मग कोणीतरी ब्राउझरमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस सुरू केलं. आरएफसी ८४८४ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने २०१८ मध्ये प्रमाण झालेली ही पद्धत डीएनएसची विचारणा ४४३ वरच्या बाकीच्या रहदारीत मिसळून टाकते. पत्ता मिळाला, पण पुढच्याच पावलावर एसएनआयमधलं नाव वाचून फायरवॉलने दार लावलं. आणि मॅचचा प्रश्न नावाचा नव्हताच, पोर्टचा होता.

मग व्हीपीएन, म्हणजे सगळी रहदारी दूरच्या सर्व्हरपर्यंत बंद बोगद्यातून नेणारी सोय. त्यातलं वायरगार्ड ठरावीक यूडीपी पोर्टवर चालतं, त्यामुळे नियमानेच गळलं. पोर्ट बदलूनही ते ओळखू येतं, कारण त्याचा पहिला संदेश नेमका १४८ बाइटचा असतो आणि ओळख लपवणं हा त्याच्या रचनेचा हेतूच नाही. ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर लावलं तर काही दिवस निघून जायचं, मग फायरवॉलसाठी नव्या ओळखखुणांची फाइल यायची आणि ते पकडलं जायचं, कारण पोर्ट ४४३ असला तरी त्याची सुरुवात एचटीटीपीएसमागच्या खऱ्या टीएलएससारखी नसते. दर थोड्या दिवसांनी व्हॉट्सअॅप गटावर नव्या अॅपचं नाव फिरायचं आणि जुनं बाद व्हायचं.

मुलांबरोबरच्या एका बैठकीतला संवाद मला चांगला आठवतो. मुलांचा प्रतिनिधी आमच्या प्रमुख मॅडमना म्हणाला, "मॅडम, व्हीपीएन लावला की चालतं. म्हणजे ब्लॉक तुमच्याकडूनच आहे ना?"

"अरे, चालतं ना? मग तक्रार कशाची?"

"चालतं, पण खेळता येत नाही."

हे वाक्य अगदी बरोबर होतं, आणि का ते आम्ही एका लॅपटॉपवर पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पकडून पाहिलं. सेकंदाला ६४ वेळा स्थिती कळवणारा खेळ साधारण दर साडेपंधरा मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतो. यूडीपीवर एखादं हरवलं तर खेळ त्याची वाट पाहत नाही. पुढचं आलेलं असतं, मागचं शिळं झालेलं असतं. आता हीच पॅकेटं टीसीपीच्या बोगद्यातून न्या. टीसीपी क्रम मोडू देत नाही. एक पॅकेट हरवलं की त्यानंतरची सगळी पोचलेली असूनही अडवून ठेवतं, हरवलेलं पुन्हा मागवतं, ते आल्यावर एकदम सगळी सोडतं. त्याला कमीत कमी एका फेरीचा वेळ जातो, आणि टायमरवर गेलं तर लिनक्समध्ये किमान २०० मिलिसेकंद. म्हणजे जवळजवळ १३ पॅकेटं तुंबली आणि एकदम अंगावर आली. स्क्रीनवर याचा अर्थ: समोरचा खेळाडू जागच्या जागी थिजतो आणि मग तुमच्या मागे उगवतो. होस्टेलच्या वाय-फायवर पॅकेट हरवणं ही काही अपवादाची गोष्ट नव्हती. त्यात व्हीपीएनचा सर्व्हर दूर असला की पिंग, म्हणजे संदेशाला जाऊन-येऊन लागणारा वेळ, मुळातच वाढलेला. बुद्धिबळ चालेल, नेमबाजी नाही.

शिवाय खात्यांचा प्रश्न. सकाळी एका देशातून, संध्याकाळी दुसऱ्या देशातून लॉगिन दिसलं की गेम कंपनीची सुरक्षा यंत्रणा खातं गोठवू शकते. एकाचं असंच गोठलं आणि त्याचा दोषही आमच्याच माथी आला.

फुकट अॅपांचं प्रकरण यापेक्षा वाईट निघालं. बाहेरच्या कंपनीची तक्रार लॉगशी जुळवून पाहिली तर ती एका लॅपटॉपवर येऊन थांबली. मालक वर्गात, लॅपटॉप खोलीत नुसता चालू, आणि त्यातून अनोळखी सर्व्हरांवर लॉगिनचे प्रयत्न चाललेले. त्यात 'अनब्लॉक' करणारं एक फुकट प्रॉक्सी अॅप होतं. ते मुलाला बाहेर जायची वाट द्यायचं आणि बदल्यात त्याच्या जोडणीतून तिसऱ्याच कोणाला बाहेर सोडायचं. हा धंदा नवा नाही. २०१५ मध्ये होला या लोकप्रिय फुकट व्हीपीएनबद्दल हेच उघड झालं होतं: वापरणाऱ्यांची बँडविड्थ ल्युमिनाटी या सेवेमार्फत विकली जात होती. आमच्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. अटींमध्ये लिहिलेलं होतं, पण अटी वाचतो कोण? नियमाप्रमाणे त्याचं कनेक्शन काही काळ बंद झालं. दुसऱ्या एका अॅपने लॅपटॉपवर स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवायला सांगितलं होतं आणि काहींनी ते बसवलंही. हे मला सगळ्यांत धोक्याचं वाटलं. ज्याच्याकडे त्या सर्टिफिकेटची किल्ली, तो मधे उभा राहून बँकेचा पासवर्डही वाचू शकतो आणि ब्राउझर हूं की चूं करत नाही. ते सगळे लॅपटॉप आम्ही एकेक करून साफ केले.

शेवटची वाट मोबाइल हॉटस्पॉटची. नियमात बसणारी, कोणाला न विचारता चालणारी, आणि खेळायला व्हीपीएनपेक्षा बरी. पण तिची किंमत मजल्यावरचे सगळे जण मोजत होते. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. बरेच हॉटस्पॉट याच पट्ट्यात चालू होतात, आणि कोणी वापरत नसलं तरी प्रत्येक हॉटस्पॉट सेकंदाला दहाएक बीकन ('मी इथे आहे' असे संदेश) सर्वांत संथ दराने ओरडून सांगत असतो. मजल्यावर संध्याकाळी इतके हॉटस्पॉट असायचे की आमच्या वाय-फायला बोलायला फट मिळेना. गेम बंद ठेवून वाय-फाय वाचवायचं म्हणावं, तर त्या बंदीनेच वाय-फाय बिघडलेलं.

मग बोजा येतो कुठून?

वसतिगृहप्रमुखांचा मुद्दा ठाम होता: गेम सोडले तर व्हिडिओ लेक्चर अडकतील. हे अनुभवातून आलेलं होतं, हवेतलं नव्हतं. पण आकडा मांडून पाहू. सेकंदाला ६४ पॅकेटं, प्रत्येक २०० बाइटचं धरलं, तर ६४ × २०० × ८, म्हणजे सेकंदाला साधारण १ लाख बिट. पॅकेटं मोठी धरली तरी हाय डेफिनिशन व्हिडिओच्या ५ मेगाबिटच्या जवळपासही पोचत नाही. खेळणं हलकं असतं. जड असतो तो खेळाचा अपडेट. ३० गिगाबाइटचा अपडेट १०० मेगाबिटच्या पूर्ण लिंकवर एकट्याला चाळीस मिनिटं घेतो, आणि तो एकाच संध्याकाळी सगळ्यांना हवा असतो. गंमत अशी की तो येतो टीसीपी ४४३ वरून, मोठ्या कंटेंट वितरण जाळ्यांतून, ज्यांची नावं 'गेम्स' वर्गात सापडतीलच असं नाही. म्हणजे आमची फायरवॉल हलका भाग अडवत होती आणि जड भाग बिनबोभाट सोडत होती.

व्हिडिओ अडकण्याचं मूळही त्यातच. डाउनलोड जोरात चालू झाले की लिंकच्या तोंडाशी असलेला बफर (पॅकेटं थांबवून ठेवायची जागा) भरतो. पॅकेटं टाकली जात नाहीत, रांगेत उभी राहतात, आणि सगळ्यांचाच पिंग वाढतो. बफर असा फुगण्यावर, म्हणजे बफरब्लोटवर, एफक्यू-कोडेल नावाची रांग-पद्धत २०१२ पासून लिनक्समध्ये आहे, २०१८ मध्ये ती आरएफसी ८२९० म्हणून छापली गेली. ती प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते आणि रांगेत फार वेळ ताटकळलेली पॅकेटं टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपोआप हळू होतो. आम्ही आधी एवढंच केलं, गेमला हातही न लावता. संध्याकाळच्या व्हिडिओच्या तक्रारी लगेच ओसरल्या आणि वसतिगृहप्रमुख पुढच्या बैठकीत जरा मोकळेपणाने बोलले.

अर्ज पुन्हा लिहिला गेला

मॅडमनी मुलांना पहिला अर्ज परत दिला. "काय हवंय ते लिहा. कुठला खेळ, कुठला पोर्ट, किती वाजता, आणि गोंधळ झाला तर कोणाला बोलवायचं." दुसरा अर्ज आला तो वाचण्यासारखा होता. खेळांची नावं, गेम कंपन्यांनी जाहीर केलेले पोर्ट, संध्याकाळनंतरची वेळ, परीक्षेच्या काळात बंद चालेल अशी तयारी, आणि प्रत्येक मजल्याचा एक जबाबदार. त्याला गेम डिझाइन विभागाचं आणि बुद्धिबळ मंडळाचं पत्र जोडलेलं. माझं मत विचाराल तर पारडं फिरवलं ते या दोन पत्रांनी. 'मुलांना खेळायचंय' यावर समिती तासभर वाद घालू शकते. 'अभ्यासक्रमाची साइट बंद आहे' यावर वाद घालायला कोणी पुढे येत नाही.

वर्गवारीची ती चौकट त्याच दिवशी निघाली. जुगाराचा वर्ग वेगळा आहे, तो बंदच राहिला. होस्टेलचं व्हीलॅन (त्याच यंत्रणेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) वर्ग आणि प्रयोगशाळांपासून आधीच वेगळं होतं, त्यामुळे नवे नियम तेवढ्यापुरते लावता आले: ठरलेल्या वेळेत अर्जातले पोर्ट बाहेर जाण्यासाठी खुले, आत येणारं काहीही नाही. कन्सोलसाठी वेगळं नाव असलेलं वाय-फाय, ज्यावर मॅक पत्ता (यंत्राच्या वाय-फाय कार्डाचा क्रमांक) नोंदवलेलं यंत्रच चालतं. इथे एक अनपेक्षित घोळ झाला. मोबाइलवर खेळणाऱ्यांनीही या वाय-फायवर आपापले पत्ते नोंदवले आणि त्यातले बरेच चालेनात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला मुळात बनावट मॅक पत्ता देतो. मुलांनी सेटिंगमधून उतरवून दिलेला पत्ता खरा होता, म्हणूनच निरुपयोगी. फोन पुन्हा नाव-पासवर्डच्या वाय-फायवर पाठवले.

पोर्ट उघडल्यावर आठवड्याभरात नवी तक्रार आली: मॅच चालते, पण लॉबीत जरा वेळ गप्प बसलं की बाहेर फेकलं जातं. ही तक्रार पहिल्यापेक्षा किती नेमकी आहे पाहा. कारणही पटकन सापडलं. बाहेर जाणाऱ्या यूडीपी जोडणीची नोंद फायरवॉलचं नॅट (आतले पत्ते मोजक्या सार्वजनिक पत्त्यांत बदलणारा भाग) लक्षात ठेवतं आणि काही काळ पॅकेट गेलं नाही की पुसून टाकतं. आमच्याकडे तो काळ ३० सेकंदांचा होता. आरएफसी ४७८७ हा २००७ चा दस्तऐवज सांगतो की तो दोन मिनिटांपेक्षा कमी नसावा, पाच मिनिटं चांगली. पाच केली. व्हिडिओ मीटिंगमध्ये शांत बसलेल्यांचा आवाज मधेच जायचा, तेही यामुळे थांबलं. त्याचा अर्ज कोणी केलाच नव्हता.

दोन लॅपटॉप जोडून खेळण्यासाठी आयसोलेशन काढायची मागणी फेटाळली. त्याऐवजी सामायिक खोलीत एक स्विच ठेवला, तारेने जोडा आणि खेळा. तो स्विच होस्टेलच्या बाकीच्या यंत्रांपासून तोडलेला आहे. त्याच खोलीत एका जुन्या मशीनवर लॅनकॅश बसवलं. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर एकदा उतरवलेला अपडेट जवळ ठेवतं आणि पुढच्यांना तिथूनच देतं. स्टीमनेही २०२३ पासून एकाच नेटवर्कवरच्या एका संगणकावरून दुसऱ्यावर खेळ उतरवून घ्यायची सोय दिली आहे, पण आयसोलेशनमुळे ती वाय-फायवर चालत नाही, या खोलीत चालते. अपडेटच्या दिवशी तिथे बसायला जागा नसते.

व्हीपीएनची बंदी उठली नाही, पण ते शोधत बसायची वेळ आता क्वचित येते. मोजके जण अजून वापरतात, आणि त्यांचं कारण गेम नसतं.

एक गोष्ट सुटलेली नाही. ज्या खेळांत सर्व्हर नसतो, खेळाडू थेट एकमेकांना जोडले जातात, तिथे कन्सोल अजून नॅट 'स्ट्रिक्ट', म्हणजे थेट जोडणी कठीण, असं दाखवतं. अख्खं होस्टेल मोजक्या सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांमागे आहे आणि फायरवॉल प्रत्येक नव्या जोडणीला बाहेरचा वेगळा पोर्ट देते, त्यामुळे समोरच्याला कुठे दार वाजवायचं तेच कळत नाही. हे वागणं बदलता येतं, पण त्या यंत्रावर बदललं तर ते वर्गांसह सगळीकडे बदलतं, म्हणून आम्ही हात लावला नाही. होस्टेलला आयपीव्ही६, म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देता येणारी नवी पद्धत, दिलं तर पत्त्यांच्या भाषांतराची भानगडच राहणार नाही, निदान ज्या खेळांना ते चालतं त्यांच्यापुरती. त्यासाठी आत येणाऱ्या जोडण्यांचे नियम नव्याने लिहावे लागतील. मुलांनी त्याचाही अर्ज दिला आहे, पोर्टांसकट. समितीने तो सत्रपरीक्षेनंतर घ्यायचं ठरवलं आहे.